मोराच्या खालची पोरगी

परवा रात्री अख्ख्या बिल्डिंगची लाइट गेली ना, तेव्हा आमची सगळी चुलत-मावस गँग गच्चीवर होती. तेवढ्यात मोठे काका आले. काका म्हणजे आयुष्यभर छपाईची मशिनं दुरुस्त केलेला माणूस, भुताखेतांवर विश्वास शून्य. म्हणून तर आमची जास्त टरकली! त्यांनी सांगितलं तसंच लिहितेय, माझ्या पदरचं काही नाही.

"माझा एक दोस्त आहे, प्रेसवाला," काका म्हणाले. "त्याच्या आजोबांच्या वेळचा छापखाना. आता पुढे सगळं ऑफसेट, पण मागच्या खोलीत अजून शिळाप्रेस आहे."

"म्हणजे?" धाकटीने विचारलं.

"दगडावरची छपाई गं. चांगला पाटाएवढा, गुळगुळीत दगड. त्यावर तेलकट खडूनं उलटं चित्र काढायचं, डाव्याचं उजवं, म्हणजे कागदावर सुलटं येतं. मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवायचा. शाई फक्त तेलकट रेघांनाच धरते. म्हणून त्या खोलीत एक नियम कडक. दगडाला उघडं अंग लावायचं नाही. अंगाचं तेलसुद्धा तो धरून ठेवतो."

"काका, पण भूत कधी येणार?" दादाने मध्येच तोंड घातलं.

"तू गप्प बसलास की लगेच."

सगळे खदखदून हसलो. त्यानंतर कोणी हसलं नाही.

"काम झालं की कुरुंदाची पूड टाकून तो दगड घासायचा, कोरा करायचा, त्यावर पुढचं चित्र. आणि काय एकेक लेबलं छापली या लोकांनी! अत्तर, काडेपेट्या, तेलाच्या बाटल्या... लोक बाटली फेकून द्यायचे आणि लेबल भिंतीला चिकटवायचे. सगळ्यात गाजली साबणाच्या वडीवरची पोरगी. प्रेसच्या चिताऱ्यानं स्वतःच्या लेकीला समोर बसवून काढली होती. पुढे ती लेक तापात गेली. आणि लगेच मोराच्या लेबलाची ऑर्डर आली. आजोबा म्हणाले, तोच दगड घासा. चितारी पाया पडला, एवढा एक राहू द्या. आजोबा म्हणाले, धंदा आहे हा. तेव्हा चितारी एवढंच बोलला, 'तुमच्या घरचं पोर असतं तर घासला असता?' आणि बसला घासायला. स्वतःच्या हातानं. त्यावर मोर काढून दिला आणि गेला. परत काही आला नाही."

काकांनी घसा खाकरला.

"गेल्या डिसेंबरात प्रेसला शंभर वर्षं झाली. प्रेसवाल्यानं प्रेसचा इतिहास लिहायला घेतला. चितारी त्यात नव्हता. मी म्हटलं, अरे, त्याचं काय? तर म्हणाला, 'वाढदिवसाला रडगाणं कशाला?' कव्हरवर मात्र मोर हवा होता, त्याच जुन्या दगडावरून काढलेला; तो दगड नंतर कोणी घासलाच नव्हता. शनिवारी रात्री साडेनऊला निघाला. लेक मागे लागली. सहा वर्षांची. लग्नानंतर किती वर्षांनी झालेली, तळहाताच्या फोडासारखी जपलेली. घेऊन गेला बरोबर.

"दगड प्रेसवर चढवला, स्पंज भिजवायला वळला. परत बघतो तर लेक दगडावर गाल टेकून. 'बाबा, कित्ती गार!' त्यानं उचलली, कागदाच्या गठ्ठ्यावर बसवली. 'आता उतरलीस तर बघ हं.' हसतच म्हणाला.

"पहिला कागद काढला. मोर. झकास. पण पिसाऱ्यामागे काहीतरी फिकट... साबणावरची पोरगी. तसं होतं कधी कधी. दगड खोल घासला नाही की जुनं चित्र डोकावतं. आम्हाला त्याचं नवल नाही.

"दुसरा कागद. मोर फिकट. पोरगी गडद. आणि तिच्या शेजारी अजून एक.

"त्याची लेक."

खाली कुठेतरी दार आपटलं. आम्ही सगळेच दचकलो.

"गालाचा डाग उमटेल एक वेळ. पण डोळे? दोन वेण्या? फ्रॉकची बटणं? साबणवालीनं तिचा हात धरलेला.

"तिसरा कागद.

"मोर नाही. साबणवाली नाही. एकटी त्याची लेक. तोंड उघडं. ओरडत असल्यासारखं.

"त्यानं गर्रकन मागे पाहिलं. लेक गठ्ठ्यावरच. मांडी घालून. बघतेय.

"'बाळा, बरी आहेस ना?'

"तिनं मान हलवली.

"मग त्यानं पूड ओतली. पाणी ओतलं. आणि घासायला लागला. ते चित्र आत्ताच्या आत्ता पुसायचं, बस.

"घर्र... घर्र...

"'बाबा.'

"मागे पाहिलं. लेकीचे ओठ मिटलेले.

"घर्र...

"'बाबा, मी इथे आहे.'

"खालून. त्याच्या हाताखालून."

धाकटीने माझा दंड घट्ट धरला.

"पण... थांबला ना तो?" मी विचारलं.



"आवाज बंद होईपर्यंत घासला," काका हळूच म्हणाले. "अगं, लेक समोर बसलेली दिसतेय. धडधाकट. डोळ्यांचं ऐकायचं की कानांचं? त्यानं मलाच विचारलं हे."

"आणि ती? आता?"

"छान आहे. शाळेत जाते. जेवते. हसते. जानेवारीत खोकला झाला म्हणून डॉक्टरकडे नेली. नेहमीचेच डॉक्टर, जन्मल्यापासून तिला तेच तपासतात. त्यांनी छातीला नळी लावली. डावीकडे. थांबले. नळी झटकली, परत लावली. प्रेसवाल्याकडे बघितलं. मग हळूहळू सरकवत नेली...

"काळीज उजवीकडे वाजत होतं."