येथे वाचा

"समाधी लख्ख धुवा, असंच म्हणाले ना चिटणीस? मग धुऊ की," असं म्हणत उत्तराने पिशवीतून रॉकेलची बाटली काढली.

दगडू बघतच राहिला. "रॉकेलने? अगं, मार खायचाय का?"

"मग शेंदूर काय नुसत्या पाण्याने निघतो?"

तिसरा सहदेव. तो गप्प होता, कारण त्याला बोलायची बंदी होती. सहदेव बोलताना अडखळायचा, आणि सगळा घोळ त्यावरूनच झालेला. कल्याणच्या त्या वाचनालयाच्या अंगणात माजी नगराध्यक्ष परशुरामपंतांची समाधी होती. वाचनालय पंतांनीच काढलेलं, अस्थीही त्यांच्या इच्छेनुसार तिथेच पुरलेल्या. समाधीच्या दगडावर खालून शेवाळ चढत गेलं आणि वर दोनच शब्द दिसायचे राहिले: 'येथे वाचा'. कुणीतरी अर्थ लावला की इथे वाचा मिळते, वाणी सुटते. झालं! लोक अडखळणाऱ्या पोरांना आणू लागले आणि शेवाळावर शेंदूर फासू लागले. सहदेवची आई मालनबाई तर नवसच बोलली, की वाचा सुटेपर्यंत पोराचं मौन. जूनपासून त्याची शाळासुद्धा बंद. वाचनालयाच्या चिटणीसांना, त्र्यंबकरावांना काय, गर्दी हवीच होती. पंगतींची भांडी ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी पुस्तकं पोत्यांत भरली आणि वाचनालयाच्या दाराला कुलूप ठोकलं. शहाण्या माणसांचा हा कारभार!

"हे बघ," उत्तराने दगडावर बोट ठेवलं. "'वाचा'च्या पुढे पूर्णविराम आहे. देवाच्या दगडावर कोण पूर्णविराम देतं रे? आणि खाली हात फिरव. अक्षरं लागतात."

सहदेवने हात फिरवला. मग त्याने काथ्या रॉकेलमध्ये बुडवला आणि असा घासायला लागला, की दगडू म्हणाला, "अरे, दगड तरी ठेव."

संध्याकाळी आरतीला अंगण भरलं. त्र्यंबकराव तबक घेऊन आले आणि जागीच थांबले. "शेंदूर कुठाय? कुणी केलं हे?"

"आम्ही," उत्तरा म्हणाली. "लख्ख धुवा म्हणालात. धुतली."

"कार्टे, मोठ्या माणसांची थट्टा करतेस? चालते व्हा तिघं!"

"आधी दगडावर काय आहे ते तरी ऐका. सहदेव, वाच."

"त्याचं मौन आहे," गर्दीतून मालनबाई घाबरून ओरडली. "सहदेवा, नवस मोडेल रे."

सहदेवने आईकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते, पण तो मागे हटला नाही. दगडासमोर उभा राहून त्याने सुरुवात केली.

"ये-येथे वाचा. अ-अ-अडलात तरी मो-मोठ्याने वाचा. मा-माझ्या पाया प-पडू नका. आणि या दा-दाराला कु... कु... कु..."

"कुलूप," त्र्यंबकराव वैतागून म्हणाले. "कुलूप लावू नका. कळलं आम्हाला."

"तुम्ही थांबा," उत्तरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तो वाचतोय."

सगळं अंगण थांबलं. तबकातला कापूर जळून विझला तरी कुणी हललं नाही.

"कु-कु-कुलूप ला-लावू नका," सहदेवने वाक्य पुरं केलं.

म्हातारे निवृत्त हेडमास्तर पुढे आले. त्यांनी चष्मा लावून चारही ओळी वाचल्या आणि मान खाली घातली. "इतकी वर्षं हात जोडतोय मी या दगडाला. वाचला मात्र या पोरांनी. शाबास रे."

मालनबाई डोळे पुसत पुढे झाली. पोराच्या डोक्यावरून तिने हात फिरवला आणि त्र्यंबकरावांपुढे तळवा पसरला.

"किल्ली द्या," ती म्हणाली. "माझ्या पोराला वाचायचंय."