मुंग्या लागलेला कौल

"माझ्या घरातल्या कुनीतरी देवीला फसवलंय," खुर्चीत बसायच्या आधीच नंदाबाई म्हणाल्या. "त्याचं नाव मला संध्याकाळच्या आत पायजे."

लोणावळ्याच्या बाजारातलं माधवीचं ऑफिस एवढंसं. खाजगी तपासाची पाटी मोठी, पंखा लहान. तिचा मदतनीस बजरंग पाणी आणायला उठला.

"पानी नगं. बस अन् ऐक."

टाकवे बुद्रुकच्या नंदाबाईंची नात सारिका हुशार. बंगळुरूच्या एका नावाजलेल्या विद्यापीठानं तिला मुलाखतीला बोलावलं होतं. बोलावतात ढीगभर, घेतात मूठभर. नेमकी त्याच दिवशी तळेगावच्या कॉलेजात हजर राहून प्रवेश पक्का करायची शेवटची तारीख. एक धरलं की दुसरं सुटलं. आज संध्याकाळची गाडी चुकली तर बंगळुरूचा विषयच संपला. आणि गाडी धरून मुलाखत फसली तर वर्ष गेलं.

"त्या क्लासवाल्या सत्यम सराला ईचारलं, पोरगी लागंल का? म्हनला, शंभरात चाळीस. मी म्हनलं, चाळीस म्हंजे व्हय का न्हाई? तर म्हनं, ते सांगता येत नाही. मग फी कशाची घेतली रं, चहा ढवळायची?"

"मग?"

"मग काल देवीला कौल लावला. नकार आला. आज सकाळी पाया पडाया गेले, तर देवीच्या उजव्या खांद्यावर मुंग्यांची रांग. बोट लावून चाखलं. गूळ!"

"मग कौल परत लावा ना," बजरंग म्हणाला.

"देवीला एक गोष्ट दोनदा ईचारत न्हाईत. ती काय तिकिटाची खिडकी हाय?"

माधवीनं जीपची किल्ली उचलली आणि नंदाबाईंना पुढं बसवलं.

देऊळ गावाच्या कडेला, भातखाचरांना लागून. सखाराम गुरव ओल्या फडक्यानं मुंग्या झटकत होता.

"दोन कळ्या, दोन खांद्यांना पान्यानं चिकटवायच्या," तो सांगू लागला. "उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार."

बजरंग देवीसमोर ताठ उभा राहिला आणि त्यानं आपला उजवा हात वर केला. "म्हणजे ही, समईकडची?"

सखाराम खो खो हसला. "भाऊ, तुमचा उजवा न्हाई, देवीचा! ती खिडकीकडची. काल समईकडची पडली. म्हंजे नकार."

"कौलाआधी मूर्तीला कोणाकोणाचा हात लागला?" माधवीनं विचारलं.

"नंदाबाईंचा धाकटा, अमृत, तांबडं फुटताना हाराची पाटी ठिवून गेला. मग मी देवीला आंघोळ घातली. मग नातसुनंनं, रुपालीनं, हळद-कुंकू लावलं. मग मी कळ्या लावल्या."

"होकार आला असता तर तुम्हाला काय मिळालं असतं?"

"पुरनपोळी! नकाराला कोन जेवाया घालतंय?" सखारामनं आवाज उतरवला. "पन एक सांगतो. कळी पडली तशी रुपाली साखरेची वाटी घिऊन उठली. नंदाबाईंनी डोळं वटारलं तवा खाली बसली. नणंदेला नकार आला, अन् भावजय साखर वाटतीया!"

"तरी मला वाटलंच व्हतं," नंदाबाई दात आवळून म्हणाल्या.

घरी अमृत नुकताच कामावरून आला होता. लोणावळ्यात चिक्कीच्या भट्टीवर काम. सदऱ्यावर पाकाचे डाग. बजरंगनं माधवीला कोपरानं ढोसलं.

"पोरीला एकटीला तिकडं धाडू नगा, हे मी पयल्यापासून म्हनतोय," अमृत म्हणाला. "तोंडावर म्हनतोय. देवीच्या पाठीमागं कशाला शिरू?"

सत्यम सर फोनवर वैतागले. "चाळीस हा प्रामाणिक आकडा आहे. आजींपेक्षा त्यांच्या नातसूनबाईच जास्त खोदून विचारत होत्या. कुठल्या वर्षी किती गुणांवर प्रवेश थांबला, सगळं तोंडपाठ!"

"जळते नणंदेवर," बजरंग पुटपुटला.

रुपाली चुलीपुढं भाकरी थापत होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

"तुमच्या माहेरी कौल लावतात?" माधवीनं विचारलं.

"नाही. बाबा रेल्वेत. मी लोणावळ्याच्या क्वार्टरमध्येच वाढले. कालच पहिल्यांदा पाहिला."

"साखर का घेतलीत?"

तव्यावरची भाकरी करपू लागली. "चुकून," ती म्हणाली.

माधवीनं सगळ्यांना पडवीत बसवलं. सारिका भरलेली बॅग पायाशी घेऊन उंबऱ्यावर बसली होती. बॅग उचलायची की सोडायची, ते तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

"आपण सगळे एकच विचारत होतो," माधवी म्हणाली, "नकार कोणाला हवा होता? अमृतभाऊंना हवा होता. पण त्यांनी पाटी ठेवल्यावर देवीला आंघोळ झाली. गूळ तेव्हा असता तर धुऊन गेला असता. सखारामभाऊंचं नकारानं नुकसानच. राहिल्या रुपालीताई."

"मी म्हनलं नव्हतं?" नंदाबाई उसळल्या.

"थांबा, आजी. लबाडीनं नकार मिळवलेलं माणूस आनंद पोटात ठेवतं. भर देवळात साखर घेऊन उठत नाही. ताई उठल्या, कारण त्यांना वाटलं होकार आला. आमच्या बजरंगसारखाच त्यांनीही उजवा हात स्वतःचाच धरला. समईकडची कळी पडावी म्हणून हळद-कुंकू लावताना खिडकीकडच्या खांद्याला गूळ फासला. द्यायला गेल्या होकार, मिळाला नकार."

बजरंगनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं आणि तो मांडीखाली लपवला.

"खरं हाय?" नंदाबाईंनी विचारलं.

रुपालीनं मान खाली घातली. "माझ्या वेळी असंच एका सरांनी शंभरात दहा सांगितलं होतं. बाबा म्हणाले, नव्वद वेळा तोंडावर पडायचं कशाला? अर्जच भरू दिला नाही. माझ्याहून कमी गुणांची मैत्रीण गेली. हिचे तर चाळीस आहेत, आजी."

"मग तोंडानं का बोलली न्हाईस?"

"बोलले असते तर ऐकलं असतंत?"

नंदाबाईंनी पदर सावरला, पुन्हा सावरला.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

"पन आये, देवीचा नकार हाय," अमृत म्हणाला.

"खांदा बांधून ठिवलेला, अन् म्हनं नकार! देवी बोललीच न्हाई. आता मी बोलते. गाडी काढ. दोघींना ठेसनात सोड."

"दोघींना?"

"पोरगी एकटी नगं म्हनत व्हतास ना? रुपाली जाईल संगं. आकडं तिला पाठ हाईत."

"आणि नाही झालं तर, आजी?" सारिकानं विचारलं. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नसेल.

"तर घरी येशील. घर कुटं पळून चाललंय?"

सारिकानं बॅग उचलली. रुपाली रडत रडत चप्पल शोधू लागली.

"रडतीस काय? सुटली न्हाईस तू," नंदाबाई गरजल्या. "आल्यावर म्हैनाभर गाभारा तू धुवायचा. उजवा खांदा आधी."

रुपाली दारात पोचली, तेव्हा मागून पुन्हा आवाज आला.

"देवीचा!"