शेगडी उद्या नेतो

तेजस्विनीच्या तर्रीला फोडणी पडली की मंडईतली कबुतरं शिंकायची. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा! पण विक्री होईना, तशी वर्ध्याची ही पोर घाबरली आणि तर्रीत गूळ घालू लागली. पुणेकर आधीच नाक मुरडत होते, आता विदर्भातली पोरंही फिरकेनात. सदाशिव पेठेतलं तिचं तर्री-पोह्यांचं दुकान बुडालं.

एका दुपारी अर्ध्या शटरखालून वाकून पियुष आत आला. बंद पडलेल्या हॉटेलांचं सामान विकत घेणं हा त्याचा धंदा.

"सामान बघायला आलोय. रडणं चालू असेल तर नंतर येतो."

"कांदा चिरून राहिले मी. बसा. दुकान बंद झालं, भूक नाही झाली."

तिनं प्लेट पुढे केली. आज तर्रीत गूळ नव्हता. दुसऱ्या घासाला त्याचे डोळे वाहू लागले.

"आता तुम्ही काहून रडून राहिले?"

"माझी बेकरी होती..." तो नाक पुसत म्हणाला. "बुडाली. तेव्हापासून दुसऱ्यांच्याच शेगड्या उचलतो."

"पुन्हा नाही सुरू केली?"

"भीती वाटते हो."

त्या दिवशी त्यानं फक्त पातेली नेली. दुसऱ्या दिवशी बाकडी. मग प्लेटा, मग चमचे... एका टेम्पोत मावणारं सामान! "शेगडी उद्या नेतो," जाताना तो म्हणे. "उद्या नक्की या बरं," ती म्हणे, आणि टेम्पो वळेपर्यंत दारात उभी राही. चमचेसुद्धा संपले, तेव्हा दोघंही उदास झाली.

शनिवारी तिची वर्ध्याची गाडी होती. रिकाम्या दुकानात बॅग भरून ती त्याची वाट पाहत होती. तो शटरखालून वाकून आत आला.

"न्या न आता शेगडी."

"नेतो. पण... विकायला नाही. विश्रांतवाडीत गाळा घेतलाय, सकाळीच. पाव मी भाजीन. तर्री—"

"पुन्हा बुडालो तर?"

"बुडू. मागच्या वेळी शटर ओढलं, तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. पैशापेक्षा तेच जास्त लागलं."

बाहेर तिला स्टेशनला न्यायला आलेला रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला, निघून गेला. मग तिनं ओढणी कमरेला खोचली, वाकून शेगडीची एक बाजू धरली.

"उभे काय राहिले? धरा न तिकडून... एकटीला नाही उचलत."