रिकाम्या बाकाचा फोटो

“बाक रिकामा असला की या लेन्सला टोपण लावायचं,” बाबा अकान्नी म्हणाले होते. “समोर माणूस बसलं की मगच काढायचं. रिकाम्या जागेवर रिंग फिरवत बसायचं नाही.”

मी हसले होते. “बाबा, काच आहे ती. उजेड आत येतो, वळतो, बाहेर पडतो. कॉलेजात चार वर्षं मी हेच शिकले.”

म्हातारा माझ्या नवऱ्याकडे वळला. “बायको शिकलेली आहे, मुयिवा. म्हणजे टोपणाचं तूच बघ.”

ओशोग्बोला स्टेशन रोडवर आमचा स्टुडिओ आहे. मुयिवा बाबा अकान्नींच्या हाताखाली तयार झाला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांनी आपलं दुकान बंद केलं आणि ही जर्मन लेन्स त्याला दिली. साठएक वर्षांची. जिथे बोटं लागतात तिथला काळा रंग उडून पितळ दिसायला लागलेलं, काच पाणचट चहासारखी पिवळसर. मुयिवानं अ‍ॅडॅप्टर मागवून ती नव्या डिजिटल कॅमेऱ्याला बसवली. या जोडीत आपोआप काही होत नाही, फोकस हातानंच करायचा. कॅमेरा फक्त एवढं करतो की जे नेमकं फोकसमध्ये असेल त्याच्या कडांवर मागच्या स्क्रीनला लाल रेघा चमकतात. रिंग फिरवाल तशा त्या रेघा नाकावरून कानावर, कानावरून मागच्या पडद्यावर सरकत जातात.

नवऱ्या मुलींना त्या लेन्सचं वेड लागलं. “माझी आत्या तिच्या लग्नाच्या फोटोत जशी दिसते तशी मला दिसू दे,” म्हणायच्या. मुयिवा श्वास रोखून, दोन बोटांनी ती रिंग फिरवायचा. इतक्या हळुवारपणे त्यानं माझ्या केसांना कधी हात लावला नव्हता. मी त्याला तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, “तू जागची हलतेस. ही हलत नाही.” आम्ही दोघंही हसलो. मी जरा कमी.

आम्हाला जुळ्या मुली झाल्या होत्या. ताइवो आधी आली, केहिंदे मागून. ताइवो आठ महिन्यांची असताना तापात गेली. तेव्हा तिला खालचे दोन दात आले होते. आणि फोटोग्राफरच्या घरात दोघींचा एकत्र असा एकही धड फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार.

आमच्यात जुळ्यांतलं एक गेलं तरी ते मोजणीतून जात नाही. एकीला चप्पल घेतली की दुसरीलाही घ्यायची. एकीच्या ताटात अकाराचा वडा वाढला की दुसरीचा तुकडा बाजूला काढायचा. पूर्वी लाकडाची बाहुली कोरून घ्यायचे, आता बरीच घरं फोटो काढतात. मागे राहिलेल्या मुलाला बाकाच्या डाव्या अंगाला बसवून एक, उजव्या अंगाला बसवून एक, आणि दोन्ही जोडून एका कागदावर छापायचे. भिंतीवर दोघं शेजारी शेजारी.

केहिंदेला चौथं लागलं तेव्हा माझी सासू इकिरुनहून आली ती याच कामासाठी.

“इया इबेजी,” ती मला म्हणाली. जुळ्यांच्या आईला सगळे अशीच हाक मारतात, एक गेलं तरी. “परक्यांच्या पोरांनी तुमच्या भिंती भरल्या. माझी नात कुठाय?”

“काढतो, इया,” मुयिवा आईला म्हणाला.

“दोन वर्षं काढतोयस. तुझ्यापेक्षा सुतार बरा, तो निदान लाकूड तरी देतो.”

त्यानं त्याच दुपारी फोटो काढला. केहिंदे डावीकडे बसली, मग उजवीकडे. माझ्या अंगात हुशारी होतीच. मी म्हटलं, “आता नुसत्या रिकाम्या बाकाचाही एक घे. कॉम्प्युटरवर मधला सांधा नीट जुळेल.” हल्ली सगळे तसंच करतात. मुयिवानं हातातल्या टोपणाकडे पाहिलं. मग त्यानं केहिंदेला खाली उतरवलं आणि रिकाम्या बाकावर रिंग फिरवली. फिरवत राहिला. एका फोटोला इतका वेळ कशाला, असं माझ्या मनात आलं, पण मी सासूसाठी आमालाचं पीठ घोटायला आत गेले.

फोटो सुरेख झाला. सासू तो कापडात गुंडाळून घेऊन गेली.

त्यानंतर मुयिवा दुपारी एक ते तीन स्टुडिओचं दार आतून लावून घ्यायला लागला. सोबत केहिंदेला न्यायचा. “नव्या कॅमेऱ्याची सवय करतोय,” म्हणायचा. पण परत यायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मला ओळखीचं होतं. लग्नाआधी वसतिगृहाच्या फाटकाशी तो माझी वाट पाहत उभा राहायचा तेव्हा असायचं. मी त्याच्या शर्टाचा वास घेतला. फोन पाहिला. तिथे कुणी नव्हतं, आणि त्यानं मला बरं वाटलं नाही.

शेवटी मी केहिंदेला विचारलं. “स्टुडिओत कोण येतं गं?”

“कुणी नाही.”

“मग बाबा काय करतात?”

“ताइवोकडे बघतात.”

“आणि तू?”

“मी शेजारी बसते,” ती म्हणाली. तक्रार नव्हती. बुटाचा बंद सुटलाय हे सांगावं तशी म्हणाली.

मी स्टुडिओतला कॉम्प्युटर उघडला. चार महिन्यांचे फोटो होते. प्रत्येकात केहिंदे बाकाच्या डाव्या अर्ध्यात, उजवा अर्धा रिकामा. केहिंदे पुसट होती. आधी थोडी, पुढच्या फोटोंत जास्त. उजव्या बाजूला मात्र बाकावरच्या कापडाचा धागा न् धागा मोजता येत होता. मुयिवाचा फोकस चुकत नाही. आणि शेवटच्या काही फोटोंत त्या कापडाला खळगा पडला होता, बूड टेकल्यासारखा.

मी त्याला जाब विचारला. तो वाद घालत बसला नाही. केहिंदेला बाकावर बसवून त्यानं मला कॅमेऱ्यामागे उभं केलं आणि रिंग फिरवली. लाल रेघा केहिंदेच्या गालावरून निघाल्या, शेजारच्या मोकळ्या हवेत गेल्या आणि तिथे थांबल्या. एक कान. खांद्याचा उतार. गुडघा. मी स्क्रीनवरून मान वर केली तर बाकावर फक्त केहिंदे होती.

“काचेत बुरशीचा तंतू असेल,” मी म्हटलं. “त्याच्या कडा पकडत असेल.”

“तंतू पाय हलवतो का?” तो म्हणाला.

रेघांचे पाय हलत होते.

मला भीती वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर. पोटात मी वागवलं. आठ महिने मी पाजलं. ती गेली त्या रात्री मांडीवर घेऊन मी बसले, तो औषध शोधत फिरत होता. आणि ती आली ती बापाकडे. चार महिने त्यानं तिला एकट्यानं पाहिलं, मला घोटभरही दिलं नाही.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू हसली असतीस,” तो म्हणाला.

शुक्रवारी तो एडेला एका बारशाचे फोटो काढायला गेला, दुसरा कॅमेरा घेऊन. दुपारचे बारा वाजले होते, हरमट्टान वाऱ्याच्या धुळीनं खिडकीतला उजेड पांढरा झाला होता. मी स्टुडिओ उघडला, केहिंदेला डावीकडे बसवलं.

“आई, बाबा नाहीत?”

“आज मी आहे.”

रिंग थंड होती आणि माझ्या अपेक्षेपेक्षा जड. मी ती केहिंदेवरून हळूच काढली. रेघा शेजारी गेल्या. कान आला, वेणी आली. हनुवटी येईना. मी आणखी फिरवली.

“आई, माझ्याकडे बघ.”

“एक मिनिट, बाळा.”

हनुवटी आली.

“आई.”

“थांब म्हटलं ना.”

स्क्रीनवर डावीकडे आता नुसता धुरकट डाग होता. मला तो दिसत होता. मी रिंग मागे फिरवली नाही.

मी बटण दाबलं.

त्या फोटोत काय होतं ते सगळं मी लिहिणार नाही. ती माझ्याकडे पाहून हसत होती. तोंडात दातांची पुरी ओळ होती. बापाच्या कुठल्याच फोटोत ती अशी आली नव्हती. मला आनंद झाला. हे लिहायलाच हवं. मला जिंकल्यासारखा आनंद झाला.

मी मान वर केली. केहिंदे बाकावर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली होती, जागा कमी असली की माणसं आक्रसून बसतात तशी.

मुयिवा परतल्यावर मी त्याला फोटोतला तो डाग दाखवला, आणि लेन्स आम्ही त्याच संध्याकाळी काढली. मुयिवानं ती हातोड्यानं फोडली, मी काचा गोळा करून नदीत टाकल्या. पण त्यामुळे काही बदललं नाही. शाळेचा फोटोवाला ओळखपत्रासाठी तीनदा आला. “तुमची पोर हलते, मॅडम,” म्हणाला. त्याचा कॅमेरा नवा होता, सगळं आपोआप करणारा. माझ्या फोनमध्येही ती पुसटच येते. डॉक्टर म्हणाले, वजन ठीक आहे, खाते-पिते, काळजी करू नका. मग जुनं कार्ड पाहून त्यांनी तिला पुन्हा भिंतीशी उभं केलं. सात महिन्यांत तिची उंची तसूभरही वाढली नव्हती.

तिला आम्ही इकिरुनला सासूकडे ठेवलंय. ते मी सुचवलं, आणि खरं कारण मुयिवालाही सांगितलं नाही. ती समोर असली की माझी नजर तिच्यावर टिकत नाही. बोटभर बाजूला सरकते. मी दात-ओठ खाऊन ती परत आणते, ती पुन्हा सरकते. आणि केहिंदेला ते कळतं. ती स्वतःच जरा सरकून जागा देते.

सासूला यात वावगं काही वाटत नाही. तिच्या लेखी दोन नाती पहिल्यापासून आहेतच. गेल्या रविवारी मी फोन केला.

“चपला आणल्या, दोन जोड,” ती म्हणाली. “केहिंदेला जुनंच माप चालतं अजून. दुसरीला एक नंबर मोठी लागली.”

“इया, तुला कसं कळलं?”

“कसं म्हणजे? टाच बाहेर येत होती.” मग ती हसली. “लेकरं आहेत, बाई. वाढायचीच. तू कधी येतेस?”

मी म्हटलं, कामं आहेत.

तुमच्यापैकी कुणी इकिरुनवरून जाणार असेल तर एवढं करा. जुन्या बाजारामागे निळीच्या कापडवाल्यांची गल्ली आहे, तिथलं तिसरं घर. सोबत कॅमेरा नको, फोनही खिशातच राहू द्या. माझ्या मुलीला नावानं हाक मारा आणि फक्त तिच्याकडे बघा. शेजारी बघू नका, ती स्वतः म्हणाली तरी. तिला जेवायला पुरेसं मिळतं का, झोपायला अर्धी तरी चटई मिळते का, ते विचारा. आणि दार कुणी उघडलं ते मला कळवा. सासूचे गुडघे गेलेत, ती उठत नाही. म्हणते, हल्ली पोरच कडी काढते. केहिंदेचा हात कडीला पोचत नाही.