पान दोनशे बारा

आमच्या वॉशिंग्टनमध्ये पुस्तक मागून उघडतात. निदान संसदेवरचं, राजकारणावरचं तरी. दुकानात शिरायचं, शेवटची नामसूची काढायची आणि बोट फिरवत आपलं नाव शोधायचं. सापडलं तर पुस्तक घ्यायचं, नाही सापडलं तर भलत्याच फळीवर कोंबून चालतं व्हायचं. कॅपिटॉलच्या, म्हणजे संसदभवनाच्या, मागच्या गल्लीतल्या या पुस्तकांच्या दुकानात मी सहा वर्षं हा तमाशा बघतेय. मालकीण रोझेटा असं गिऱ्हाईक दारातच ओळखते.

"आला बघ, स्वतःला शोधायला," ती पुटपुटते.

माजी सिनेटर हॅदर्सली यांचं आत्मचरित्र आलं, त्या मंगळवारी मीही पुस्तक मागूनच उघडलं. मला माझ्या भावाचं नाव हवं होतं.

ओरिन स्टिल्टनर. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीत एकवीस वर्षं. चौदा वर्षांपूर्वी तो सिनेटच्या समितीपुढे अकरा मिनिटं बोलला, दर दोन वाक्यांना खोकत. धूळ मोजायची पेटी मुकादम जेवणाच्या डब्यात बंद करून ठेवायला लावतो, म्हणजे आकडा कमी येतो, हे त्याने तारखांसकट सांगितलं. समोर अध्यक्षाच्या खुर्चीत हॅदर्सली. मी त्याच समितीच्या कचेरीत कारकून होते, ओरिनला बोलावलं होतं मीच. पुढे खाणीतल्या धुळीवरचं ते विधेयक समितीतच कुजलं. छापील नोंदीत ओरिनची चार वाक्यं उरली, त्यात डबा नव्हता. ओरिनही त्याच वर्षी गेला. तो जे बोलला ते कुठेतरी छापलेलं दिसावं, एवढीच माझी इच्छा उरली होती.

नाव होतं. 'स्टिल्टनर, ओरिन : २१२.'

मी पान काढलं. दोनशे बारावर साहेबांची बदकांची शिकार होती. मग अख्खं पुस्तक चाळलं. 'खाणकामगारांचा मित्र' नावाचं एक प्रकरण होतं, आणि तो मित्र म्हणजे हॅदर्सली स्वतः! ओरिनचा उल्लेख कुठेच नाही. माझं डोकं असं फिरलं की पुस्तक भिंतीवर आपटलं.

"अगं, विकायचंय ते!" रोझेटा ओरडली. सूची पाहून म्हणाली, "छापखान्याचा घोळ. आणि शाई कच्ची आहे, बोट बघ तुझं."

बोटाचं टोक काळं झालं होतं. शाई बोटाला चिकटते. ही झटकली तर धुळीसारखी उडत होती.

बुधवारी एकाने प्रतिनिधीगृहाचा जुना इतिहास मागितला. ऐंशी वर्षांपूर्वी छापलेला, ओरिनच्या जन्माच्याही आधीचा. सवयीने मागून उघडला. 'स्टिल्टनर, ओरिन : २१२.' गुरुवारी सभापतींवरचं एक बारकं पुस्तक काढलं. त्याला पानंच एकशे ऐंशी. तरीही २१२. शुक्रवारी मी राजकारणाच्या पुस्तकांची ती सबंध भिंत तपासली. एकही पुस्तक सुटलं नव्हतं, आणि दुकानात ओल्या दगडाचा वास भरला होता.

"पाइप फुटलाय कुठेतरी," रोझेटा म्हणाली. पण सूची तिने परत पाहिली नाही.

मी घाबरले नव्हते. चिडले होते. भाऊ गेला, विधेयक गेलं, आणि आता कोणीतरी त्याच्या नावाची अशी थट्टा मांडली होती. ठरवलं, शनिवारी तो म्हातारा हॅदर्सली दुकानात आपल्या पुस्तकावर सह्या करायला येईल, तेव्हा त्यालाच वाचायला लावायचं.

शनिवारी दुपारी हॅदर्सली आले. हातात काठी, कोटावर झेंड्याचा बिल्ला. पंधरावीस माणसं रांगेत होती. मी रांग मोडून पुढे गेले आणि त्यांच्याच पुस्तकाची प्रत समोर ठेवली.

"सही कुणाच्या नावाने, बाई?"

"मागून उघडा, साहेब. ओरिन स्टिल्टनर."

ते हसले. बोट फिरवत नावापर्यंत आले. "हा कोण?"

"तुमच्यासमोर अकरा मिनिटं खोकत होता तो. आठवत नाही? की आठवायचंच नाही?"

"व्हर्ना!" रोझेटाने मागून हाक मारली.

"बाई, हजारो साक्षी ऐकल्यात मी."

"मग पान काढा. दोनशे बारा. मोठ्याने वाचा!"

त्यांनी पान काढलं. चष्मा सारखा केला. रांगेतली कुजबुज थांबली.

"मुकादम म्हणतो," ते वाचू लागले, "पेटी डब्यात टाक, झाकण लाव..."

ते थांबले. खोकले. पुन्हा दोन वाक्यं वाचली, पुन्हा खोकले.

बरोबर तिथेच, जिथे ओरिन खोकला होता.

अकरा मिनिटं लागली. कोणी हललं नाही. मी रडत होते आणि मला बरंही वाटत होतं. शेवटी त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं, ते काळं झालं होतं.

"हे सगळं नोंदीतून मी काढलेलं नाही," ते म्हणाले. "इथे सही आहे."

पुस्तक तसंच उघडं टाकून ते निघून गेले.

साक्ष छापण्याआधी साक्षीदाराला तपासायला देतात, तशी रीत आहे. ओरिन तेव्हा इस्पितळात होता. समितीचा वकील मला म्हणाला, डब्याचं एवढं गाळा, मग विधेयक पुढे सरकेल. मला ते खरं वाटलं. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला असलं खरं वाटतं. निळ्या पेन्सिलीने मीच ओळी खोडल्या आणि खाली ओरिनच्या नावाने सही केली. ओरिनला सांगितलं नाही. चौदा वर्षं मी हॅदर्सलीला शिव्या घातल्या, कारण दुसरं नाव घ्यायची माझी हिंमत नव्हती.

मी पुस्तक ओढून घेतलं.

दोनशे बारावर सगळं होतं. डबा, तारखा, मुकादम. प्रत्येक ओळीवर निळी रेघ. तळाशी ओरिनचं नाव, माझ्या अक्षरात.

उजवीकडचं दोनशे तेरा कोरं होतं.

मी सूची काढली. ओरिनच्या खाली एक ओळ वाढली होती. 'स्टिल्टनर, व्हर्ना : २१३.'

"व्हर्ना, काय झालं गं?" रोझेटाने विचारलं.

काही नाही म्हणायला मी तोंड उघडलं, आणि खोकला आला.