कमरेचं शिसं

विहिरीच्या तळातून बुडबुडे वर येताना दिसले, तशी वर्षाराणी पायरीवरच थबकली. धावड्याला मामाच्या मळ्यात ती रविवारपुरती आली होती. बुडबुड्यांमागून एक माणूस वर आला, धापा टाकत.

“भिऊ नका बाई. पडलेली मोटर शोधून राह्यलो.”

“मी कशाला भिऊ? दम तर तुम्हाला लागलाय. कमरेला एवढं शिसं?”

गोरक्षनाथ हसला. टेंभुर्णीचा मुलगा, मालवणला पाणबुड्यांच्या हाताखाली कामाला. वजनाचा नियम त्याला पाठ होता: श्वास धरला की पाणी डोळ्यांशी थांबावं, सोडला की अंग आपसूक खाली जावं. पण लहानपणी पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेला. अंग वरच उसळेल, ही धास्ती जात नव्हती. जास्त शिसं, मग जास्त दम, टाकीतली हवा लवकर खलास. प्रशिक्षक होण्याच्या परीक्षेत त्यामुळेच नापास झाला होता; फेरपरीक्षेपर्यंत गावाकडं येऊन विहिरीतल्या मोटरी काढत होता. पास झाला, तर अंदमानची नोकरी.

वर्षाराणी जालन्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. पुढच्या रविवारी ती पुन्हा आली... त्याच्या पुढच्याही.

“अजून एक वजन काढ.”

“मंग मी बुडणारच न्हाई.”

“बुडायचंय कशाला?”

“तू काठावर असल्यावर...” तो लाजून थांबला.

समुद्राबद्दल बोलताना मात्र तो थांबत नसे. समोरून कासव कसं जातं, ते हातांनी दाखवायचा.

एका दुपारी तो श्वास धरून पाण्यात उभा तरंगला. पाणी बरोबर डोळ्यांशी थांबलं. नुसते डोळे वर, तिच्याकडे लागलेले. मग श्वास सोडून तो सावकाश खाली गेला, शांत, न धडपडता. कपारीतले पारवेसुद्धा उडाले नाहीत.

आता हा पास होणार, तिला कळलं. शिकवलंच नसतं तर... ती स्वतःशीच शरमली.

“बराबर?” वर येत त्यानं विचारलं.

“बिलकुल.”

त्यानं पायरीची कड धरली. “तू चल माझ्यासंगं.”

“आईला टाकून? सकाळ-संध्याकाळ माझ्या हातचाच घास घेते ती. उठतासुद्धा येत नाही तिला.”

“मंग मी न्हाई जात. इथंच मोटरी काढीन. तू फक्त राहा म्हण, वर्षा.”

तो शब्द ओठांवर आला होता. तिनं त्याच्या सुरकुतलेल्या ओल्या बोटांवर हात ठेवला.

“तिकडचं पाणी खारं,” ती हळूच म्हणाली, “अंग जास्त तरंगतं. इथल्यापेक्षा दोन किलो वाढवून घे.”

“वर्षा—”

“दोन किलो. विसरू नको.”