इथला यजमान

कुकरची रबरी रिंग. पाच लिटरची.

पुण्यात 'राव' हे कुणाचं आडनाव नसतं, उसासा असतो.

सोनेरी शाईची पत्रिका वाळायला स्वल्प वेळ लागतो.

निळी फ्लॉपी, लेबल नखाने खरवडलेलं.

पाऊस... नाही, तो अजून यायचाय.

एक कॉफी, दोन पेले.

१९९९ चा ऑक्टोबर, शनिवारची दुपार. बेंगळूरच्या चिकपेटेत समोरून कापडाचा गठ्ठा आला. खाली दोन पाय होते, वर माणूस दिसत नव्हता. "साइड, साइड!" कस्तुरीने मिळेल त्या पायरीवर उडी मारली. कोपर कशाला तरी लागलं आणि लग्नपत्रिकांचा एक अख्खा ढीग फरशीवर पसरला.

"काय राव!" ती गठ्ठ्याच्या पाठीवर ओरडली.

"हां, सांगा," दुकानाच्या आतून आवाज आला.

ती वळली. कॉम्प्युटरसमोर एक तरुण. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, अंगठ्याला सोनेरी शाई.

"मी तुम्हाला नाही म्हटलं."

"राव म्हटलात ना?"

"म्हटलं... पण ते असंच."

"मीच राव. सयाजी राव."

"हे आडनाव आहे?"

"आडनाव जाधव होतं. शाळेत मास्तरांनी राव लिहिलं. आमच्यात सगळेच राव, मॅडम. तीनशे वर्षं झाली इथे येऊन, कोण कुठे परत जाऊन विचारणार?"

"पुण्यात 'काय राव' म्हणजे कुणालाच काही नाही. नुसतं चिडलं की म्हणायचं."

"सरी," तो म्हणाला, आपण 'बरं' म्हणतो तसं. हसला नाही, पण डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं. "मग तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. पण पत्रिका माझ्याच पडल्या."

ती खाली बसून पत्रिका गोळा करू लागली आणि मध्येच थांबली. पत्रिका मराठी होत्या. त्याच्या पडद्यावरही मराठी होतं... गोल, काळं, ठसठशीत.

"हा फॉन्ट... मला मिळेल?"

*

थीम: निळी.

कस्तुरी एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. सन दोन हजार उजाडल्यावर कुठले जुने प्रोग्रॅम कोसळतील, ते दिवसभर तपासायची. संध्याकाळी बसवनगुडीतल्या गच्चीवरच्या खोलीत स्वतःच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं वेबपान तपासायची. इंटरनेटवर फुकट जागा घेऊन ठेवली होती. तिथे अजून काहीही ठेवलं नव्हतं. आधी आपल्याच मशीनवर बघू, मग चढवू, असं चाललं होतं. रंग बदलून बघ. अक्षरं मोठी करून बघ. बघ, पूस, बघ.

पायही असेच होते तिचे. वर्षभरात तिसरी खोली. कन्नडचा क्लास लावला, सोडला. पोहायला जायला लागली, सोडलं.

फॉन्ट मिळाला आणि एक नवी गरज निर्माण झाली. आपल्या मशीनवर छान दिसतं, पण दुसऱ्याच्या मशीनवर? हा फॉन्ट तर दोनच मशीनवर होता.

पुढच्या शनिवारी निळी फ्लॉपी घेऊन ती चिकपेटेत. त्याच्या कॉम्प्युटरवर तिने आपला छोटा सर्व्हरही बसवून दिला. पान उघडलं. एवढंच होतं त्यावर:

मी कस्तुरी. मुक्काम बंगलोर.

"दिसत नाही," सयाजी म्हणाला.

"तुमचा मॉनिटर जुना आहे."

"तुमचं निळं फार नवीन आहे. आणि बंगलोर नाही. बेंगळूर. तीनशे वर्षांच्या माणसासमोर चुकीचं लिहू नका."

तिने बदललं. मग त्याने पडद्याच्या वरच्या पट्टीवर शाईचं बोट ठेवलं.

"हे काय? लोकल..."

"लोकलहोस्ट. म्हणजे पान बाहेर कुठे गेलेलं नाही. आपलंच मशीन देतं, आपलंच मशीन बघतं."

"मराठीत सांगा."

"मराठीत... इथलाच यजमान."

"यजमान्रे!" आतून, छपाईच्या मशीनवरून शिवाप्पा ओरडला.

"बंदे! आलो!" सयाजी ओरडला.

कस्तुरी इतकी हसली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला.

"हसायला काय झालं? कागद आला असेल, म्हणून बोलावतोय."

"ते तुम्हाला यजमान म्हणतात?"

"मालकाला यजमानच म्हणतात. पुण्यात नाही?"

"पुण्यात आमच्या शेजारच्या काकू म्हणतात... 'आमचे यजमान फिरायला गेलेत.'"

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. फ्लॉपी आत खरखरत होती. सयाजीचे कान... कानांचा रंग बदलला होता. निळा नव्हे.

"तो अर्थ इथेही आहे," तो हळूच म्हणाला आणि कागद मोजायला आत गेला. बराच वेळ मोजत राहिला.

*

थीम: पिवळी. (आधी हिरवी होती. हिरवी पुसली.)

आता पाऊस. बेंगळूरचा, संध्याकाळी येऊन घाईने निघून जाणारा. चिकपेटेच्या गल्लीत दुकानांवरची ताडपत्री फुगते, कुणीतरी काठीने खालून ढोसतं, आणि धबकन सगळं पाणी एखाद्याच्या छत्रीवर.

शिवाप्पा बाय-टू घेऊन आला. एक कॉफी, दोन पेल्यांत अर्धी अर्धी. एक पेला नेहमी जरा जास्त भरतो. सयाजीने दोन्ही पेले नजरेसमोर धरून पाहिले आणि जास्तीचा तिच्याकडे सरकवला.

"दर शनिवारी रंग बदलतो," तो म्हणाला. "मजकूर तोच."

"टेस्टिंग चालू आहे."

"चढवणार कधी?"

"नीट झालं की."

"मॅडम, मी पत्रिका छापतो. एक प्रूफ दाखवतो, चुका काढतो. दुसरं दाखवतो, मग छापतो. तिसरं प्रूफ मागणारं गिऱ्हाईक चुकांना घाबरत नाही. लग्नाला घाबरतं."

"मी लग्नपत्रिका करत नाहीये."

"नाही ना? मग घाबरता कशाला?"

ती चिडली. पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"तुम्ही बरे सगळ्यांची लग्नं छापता. तुमची कुठे अडलीय?"

"अम्मा मुली दाखवते. मी म्हणतो, स्वल्प थांब."

"कशासाठी?"

"असंच." त्याने पिवळ्या पानाकडे पाहिलं. "हा रंग बरा आहे. यात तुम्ही दिसता... म्हणजे, नाव दिसतं."

पाऊस थांबला होता. ती उठली नाही. पाय मात्र टेबलाखाली हलत होते, हलत होते.

*

थीम: पांढरी.

"मला शिकागोला पाठवतायत," कस्तुरीने आत आल्या आल्या सांगितलं. बसलीसुद्धा नव्हती. "दोन वर्षं. सोमवारी उत्तर द्यायचंय."

सयाजी पत्रिकांच्या कडा जुळवत होता. जुळलेल्याच होत्या.

"सरी," तो म्हणाला.

"सरी म्हणजे काय?"

"सरी म्हणजे... सरी."

"म्हणजे जाऊ?"

"मी कोण सांगणारा? तुमचं काम आहे. मोठं काम आहे."

"मोठं नाही. तेच काम, तिकडे बसून. मला जायचंय असंही नाही. पण कुणी म्हटलं की मी निघते. दर वेळी. राहायचं कसं, ते मला... ते मला येतच नाही." ती खुर्चीत बसली, उठली. "हे पान बघा. आज पांढरं केलंय. शेवटचं."

पान उघडलं. पांढऱ्यावर काळं, बाकी काही नाही. मी कस्तुरी. मुक्काम बेंगळूर.

"मुक्काम बदलावा लागेल," तो म्हणाला.

"हो. शिकागो करा. तुम्हीच करा, तुमचा हात बसलाय या फॉन्टवर."

तिने कीबोर्ड त्याच्याकडे ढकलला. त्याने मजकुराची फाइल उघडली. बोट कळांवर थांबलं. एक अक्षर पुसलं, एक कळ दाबली, फाइल ठेवली. पान पुन्हा उघडलं.

मी कस्तुरी. मुक्काम बेंगळूर,

ती वाकली. मग आणखी वाकली.

"हे काय?"

"स्वल्पविराम."

"ते दिसतंय."

"पुण्यात शाळेत काय शिकवतात, कधी द्यायचा?"

"वाक्य संपलं नसेल तेव्हा."

"माझी शाळा कन्नड. मराठी घरातलं, पत्रिकांवरचं." तो पडद्याशीच बोलत होता. "मला वाटायचं, स्वल्प विराम म्हणजे... स्वल्प थांबा."

आत मशीन धाडधाड चालू होतं. कुणाच्या तरी लग्नाच्या पाचशे प्रती निघत होत्या.

"प्रूफ आहे," सयाजी म्हणाला. "पहिलंच. चूक असेल तर खोडा. मी... मी काही वाटून घेणार नाही."

घेणार होता. कान सांगत होते.

कस्तुरीने फ्लॉपी काढली आणि चालू लागली. छत्री तिथेच राहिली.

*

रविवार. थीम: सगळ्या.

निळ्यावर स्वल्पविराम. पिवळ्यावर स्वल्पविराम. पूर्णविराम देऊन बघितला. शिकागो लिहून बघितलं. शिकागो, लिहून बघितलं. गच्चीवर गेली, वाळत घातलेले कपडे ओलेच काढले, परत घातले. पुन्हा मशीनसमोर.

सगळं छान दिसत होतं. स्वतःच्या मशीनवर सगळंच बरोबर दिसतं, तीच तर अडचण. चुकीचा मुक्कामही बरोबर दिसतो. चूक कळते ती बाहेर गेल्यावर... लोकांनी बघितल्यावर... आणि एकदा लोकांनी बघितलं की, मी अजून ठरवलेलं नाही, असं म्हणायची सोय राहत नाही.

सयाजीने जाहीर केलं होतं. एक कळ दाबून. तिने अजून रंगच ठरवला नव्हता.

सोमवारी सकाळी तिने मॉडेम लावला. तो नेहमीसारखा किंचाळला, घसा खाकरला, गप्प झाला. पांढरं पान. चढवलं. मग ऑफिसला गेली आणि साहेबांना म्हणाली, मला इथलंच काम द्या. साहेबांनी कारण विचारलं. ती म्हणाली, एक वाक्य अर्धं राहिलंय. साहेबांनी दुसऱ्या कुणाचं तरी नाव लिहिलं.

*

फोन. पुण्याहून, आईचा.

"अगं, तनय मला सायबर कॅफेत घेऊन गेला, तुझं पान दाखवायला." तनय हा तिचा धाकटा भाऊ. "काय ते! नुसती इंग्रजी अक्षरं सांडलीयेत. एक शब्द लागत नाही."

"तिथे फॉन्ट नाहीये, आई. फॉन्ट नसला की मराठीचं असं होतं."

"मग वाचणार कोण ते?"

"दोन मशीनवर वाचता येतं."

"दोन मशीनसाठी जगभर लावलंस?" आई थांबली. "शेवटी तेवढा एक स्वल्पविराम कळला बाई. पुढे काय गं?"

कस्तुरीने रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. स्वल्पविराम कुठल्याही फॉन्टात स्वल्पविरामच राहतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे पुण्यात दिसला. शिकागोतही दिसत असेल. एवढा एकच.

"सांग की. पुढे काय?"

"येते रविवारी. तेव्हा सांगते."

*

थीम: नाही.

शनिवारपर्यंत थांबणं तिला जमलं नाही. मंगळवारी संध्याकाळी ती चिकपेटेत. पायरीवर तिची छत्री टेकून ठेवलेली होती, नीट गुंडाळून.

"बघितलं," सयाजी म्हणाला. तिने काही विचारायच्या आधीच. "पलीकडच्या कॅफेत. काल दुपारी. संध्याकाळी परत. आज सकाळी..."

"तिथे फॉन्ट कुठाय?"

"नाही. सगळं सांडलेलं. शेवटचं तेवढं वाचलं." त्याने हात पुसले. शाई गेली नाही. "खोडलं नाहीत."

"नाही."

"आणि शिकागो?"

"दुसऱ्या कुणाचं तरी नाव गेलं. हे बघा, तुमच्यासाठी थांबले असं समजू नका. मला एकदा थांबून बघायचंय, कसं लागतं ते."

"सरी."

"परत सरी! एवढं सगळं केलं आणि सरी? काय राव!"

तो तिच्याकडे बघत राहिला. आता डोळ्यांच्या कडेचं ते काहीतरी सगळ्या चेहऱ्यावर आलं होतं.

"हे... नुसतंच? की मला?"

"तुला," कस्तुरी म्हणाली.

तुला. तो शब्द दोघांनीही ऐकला. बाहेर कुणीतरी साइड, साइड करत गेलं. सयाजीने पुढे होऊन तिच्या ओढणीवरचं पत्रिकेच्या सोनेरी कागदाचं कात्रण उचललं... आणि हात तिथेच, खांद्यापाशी, स्वल्प थांबला.

"यजमान्रे!" आतून शिवाप्पा.

मग कस्तुरीनेच आतल्या दिशेला सांगितलं, "येतायत ते."

ते. बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. या वेळी ती हसली नाही, हललीही नाही. टेबलाखाली पाय शांत होते.

शिवाप्पा पडद्याआडून डोकावला, दोघांकडे पाहिलं, आणि न विचारता बाय-टू आणायला निघून गेला.

पहिल्या दिवशी ती चिकपेटेत कुकरची रिंग घ्यायला आली होती. ती अजून घ्यायची राहिलीच होती.